सोनोग्राफी बघून आयव्ही लाइन: नाशिकच्या रुग्णालयात कर्मचाऱ्यांना शिकवायचं कसं

सिस्टर दोन्ही हात तपासतात, टूर्निकेट (हाताला बांधायचा पट्टा) वर-खाली करतात, मनगटावर थापटून बघतात आणि शेवटी म्हणतात, “शीर लागत नाहीये.” मग दुसऱ्या सिस्टर येतात, मग आरएमओ (निवासी डॉक्टर), मग भूलतज्ज्ञांना फोन जातो. तोवर रुग्णाचे हात ठिकठिकाणी काळेनिळे झालेले असतात आणि अँटिबायोटिकचा डोस तासभर मागे पडलेला असतो. नाशिकच्या कुठल्याही मोठ्या वॉर्डात हे नवीन नाही. डायलिसिसचे आणि केमोचे रुग्ण आहेत, सुरगाणा-पेठ-कळवण पट्ट्यातून येणारे सिकलसेलचे रुग्ण आहेत, अंगभर सूज असलेले आहेत, जुलाब-उलट्यांनी कोरडे पडलेले आहेत. त्यात डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून पहाटे निघून आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाताच्या शिरा थंडीने आणखी आकसलेल्या असतात.

अशा रुग्णांसाठी सोनोग्राफीच्या मदतीने शीर बघत बघत आयव्ही, म्हणजे औषध-सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी, लावण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. मानेतल्या शिरेत सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) टाकताना सोनोग्राफी वापरावी, ही शिफारस उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००२ मध्येच केली. हातातल्या आयव्हीसाठीही तीच पद्धत वापरता येते. आपल्याकडे अडतं ते शिकवण्यावर. बरेचदा प्रशिक्षण म्हणजे एका दुपारचं व्याख्यान, एक प्रात्यक्षिक आणि प्रमाणपत्र. महिन्याभराने मशीन कोपऱ्यात पडलेलं असतं आणि सिस्टर पुन्हा बोटांनी शीर चाचपत असतात.

हा लेख शिकवणाऱ्यांसाठी आहे: भूलतज्ज्ञ, आयसीयूचे डॉक्टर, नर्सिंग ट्युटर, मेट्रन. माझं म्हणणं एकच आहे. या प्रशिक्षणात शीर शोधायला शिकवणं सोपं असतं, ते दोन दिवसांत जमतं. कठीण असतं ते सुईचं टोक स्क्रीनवर सतत डोळ्यांसमोर ठेवणं. शिकवण्याचा बहुतेक वेळ त्या टोकावर घालवा आणि ते जमल्याशिवाय कुणालाही रुग्णावर सुई हातात देऊ नका.

आधी कागदपत्रं

आपल्याकडे सोनोग्राफीचं कुठलंही प्रशिक्षण पीसीपीएनडीटी कायद्यापासून सुरू होतं. १९९४ चा हा कायदा गर्भलिंग निदान रोखण्यासाठी आहे. आपण फक्त हाताच्या शिरा बघणार असलो तरी मशीन तेच असतं, त्यामुळे कायद्याचे नियमही तेच लागू होतात. मोबाईलला जोडायचा, खिशात मावणारा प्रोबसुद्धा (अंगावर टेकवून चित्र घेणारा भाग) मशीनच धरला जातो.

मशीनची नोंदणी ज्या आवाराच्या नावावर आहे तिथेच प्रशिक्षण घ्या. पोर्टेबल मशीन नोंदणी असलेल्या आवारात, तिथल्या भरती रुग्णांसाठीच वापरायचं असतं. ‘शनिवारी मशीन गाडीत टाकून सिन्नरच्या हॉस्पिटलात वर्कशॉप घेऊ’ असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा. जागा, मशीन किंवा कर्मचारी बदलायचे असतील तर ३० दिवस आधी कळवावं लागतं. महापालिका हद्दीत समुचित प्राधिकारी (या कायद्याची अंमलबजावणी बघणारे अधिकारी) म्हणजे महापालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक. त्यांना कार्यक्रमाची तारीख, मशीनचा क्रमांक, जबाबदार डॉक्टरांचं नाव आणि शिकणाऱ्यांची यादी देऊन लेखी परवानगी घ्या. परिचारिका किंवा डायलिसिस टेक्निशियन डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णावर प्रोब धरणार असतील तर तसं अर्जात स्पष्ट लिहा आणि उत्तरही लेखीच घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका. उद्या मशीन सील झालं तर अख्ख्या रुग्णालयाची सोनोग्राफी बंद पडते. लेखी उत्तर येईपर्यंत सिस्टरांचं शिकणं फँटमवर (सरावासाठी बनवलेल्या नकली मांसावर) चालू ठेवता येतं आणि रुग्णावरचा प्रोब डॉक्टरांच्या हातात राहतो.

आणखी दोन गोष्टी मी आग्रहाने सांगतो. प्रशिक्षणाच्या दिवशी मशीनला फक्त लिनिअर प्रोब (वरवरच्या शिरा बघायचा सपाट प्रोब) ठेवा, पोटाचा कन्व्हेक्स प्रोब काढून कुलपात टाका. आणि स्वयंसेवक म्हणून पुरुष कर्मचारीच निवडा, तेही फक्त हातासाठी. गरोदर रुग्णाच्या बाबतीत ‘एफ’ फॉर्मचा, म्हणजे गरोदरपणातल्या सोनोग्राफीच्या नोंदीचा, प्रश्न येतो. त्याबद्दल रेडिओलॉजिस्टशी आधीच बोलून घ्या. सुरुवातीच्या बॅचमध्ये गरोदर रुग्ण घेऊच नका.

किती जण, किती वेळ

एका मशीनवर चार शिकणारे आणि एक शिकवणारा, यापेक्षा गर्दी नको. पाचवा माणूस नुसता बघत उभा राहतो आणि बघण्याने हे येत नाही. निवड करताना उत्साहाबरोबर ड्युटीही बघा: कॅज्युअल्टी, आयसीयू, डायलिसिस आणि मेडिसिन वॉर्ड यांतून प्रत्येकी निदान दोन जण, म्हणजे एक रजेवर असला तरी दुसरा असतो.

सलग दोन दिवसांच्या वर्कशॉपपेक्षा चार-पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा तासभर हे चांगलं. हाताला सवय लागायला मध्ये झोप आणि दिवस जावे लागतात.

फँटम घरीच बनवा

विकतचे फँटम चांगले असतात पण महाग पडतात आणि सुयांनी चाळण झाली की पुन्हा पैसे. स्वयंपाकघरातल्या वस्तूंतून उत्तम फँटम होतो. परदेशातल्या पाककृतीत जिलेटिन असतं. आपल्याकडे त्याची अडचण अशी की ते तिशी-पस्तिशीच्या तापमानाला मऊ पडतं. एप्रिलमध्ये पंख्याखाली टेबलावर ठेवलेला जिलेटिनचा फँटम तासाभरात लिबलिबीत होतो. शिवाय ते प्राणिजन्य असल्याने काही जणांना नकोसं वाटतं. म्हणून चायना ग्रास, म्हणजे अगार, घ्या. ते एकदा घट्ट झालं की नाशिकच्या उन्हाळ्यात वितळत नाही.

एक लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम चायना ग्रास भिजवून, उकळी आणून पूर्ण विरघळू द्या. त्यात दोन-तीन चमचे सत इसबगोल भुरभुरत घाला आणि सतत ढवळा. इसबगोलशिवाय स्क्रीन नुसती काळी दिसते, ते घातलं की मांसपेशींसारखा करडा रवाळपणा येतो. वरचा फेस चमच्याने काढून टाका, कारण हवेचा प्रत्येक बुडबुडा स्क्रीनवर चमकतो आणि त्याच्याखाली सावली पडते. निम्मं मिश्रण आयताकृती डब्यात ओता, जरा घट्ट होऊ द्या. त्यावर वाढदिवसाला मिळणारे लांब फुगे पाण्याने भरून आडवे ठेवा, उरलेलं मिश्रण वरून ओता. एक फुगा सैल भरा, तो दाबला की चपटा होतो, ती शीर. दुसरा टम्म भरा, तो दबत नाही, ती धमनी. भरताना हवा पूर्ण काढा. सलाईन सेटची नळी वापरू नका, ती इतकी कडक असते की दाबून शीर ओळखण्याचा सरावच होत नाही.

फुगे वेगवेगळ्या खोलीवर ठेवा: एक अर्धा सेंटिमीटर, एक एक सेंटिमीटर, एक दीड सेंटिमीटर. पुढे कळेल की सगळं गणित याच खोलीवर चालतं.

मांसाहाराची अडचण नसेल तर चिकनच्या ब्रेस्टमध्ये फुगा सरकवूनही छान फँटम होतो आणि त्यात स्नायूंचे थर खऱ्यासारखे दिसतात. मात्र प्रोबला कव्हर घाला आणि नंतर तो नीट निर्जंतुक करा. फँटमसाठी वापरलेल्या सुया रुग्णांच्या ट्रॉलीजवळही नकोत. वेगळा डबा ठेवा आणि काम झालं की पंक्चर-प्रूफ पांढऱ्या डब्यात टाका.

पहिले दोन तास: सुई नाही, फक्त स्क्रीन

मशीन कुठे ठेवायचं इथूनच सुरुवात करा. शिकणारा, रुग्णाचा हात आणि स्क्रीन एका रेषेत हवेत. स्क्रीन पाठीमागे किंवा बाजूला असेल तर मान वळते आणि मान वळली की हात सरकतो. खुर्चीवर बसून काम करा, पलंग उंच घ्या.

प्रोब खालच्या टोकाशी, तीन बोटांत धरायचा आणि करंगळीकडची बाजू रुग्णाच्या हातावर टेकवायची. जे प्रोब वरून मुठीत धरतात त्यांचा हात दोन मिनिटांत थरथरू लागतो. दाब अगदी हलका ठेवायचा. नव्या माणसाला शीर दिसत नाही याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे त्याने स्वतःच ती दाबून बंद केलेली असते. जेल भरपूर लावा म्हणजे दाबायची गरजच राहत नाही.

नंतर खुणेची दिशा. प्रोबच्या एका बाजूला खाच किंवा ठिपका असतो आणि स्क्रीनवरही एका कोपऱ्यात खूण असते. दोन्ही शिकणाऱ्याच्या डाव्या हाताला ठेवा. प्रोबच्या डाव्या कडेला बोट टेकवून स्क्रीनची डावी बाजू हलते का ते प्रत्येक वेळी तपासायला लावा. हे चुकलं तर सुई डावीकडे नेताना ती स्क्रीनवर उजवीकडे पळते आणि माणूस गोंधळतो.

बटणं फार शिकवू नका. प्रीसेट (तयार सेटिंग) व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांचं, खोली दोन-तीन सेंटिमीटर, गेन (चित्राचा उजळपणा) इतकाच की शिरेतलं रक्त काळं आणि भोवतालचं करडं दिसेल. बस. रंगीत डॉप्लरचं आकर्षण सगळ्यांना असतं, पण तिथे एक गैरसमज पक्का बसलेला असतो: लाल म्हणजे धमनी, निळी म्हणजे शीर. तसं नाही. तो रंग रक्त प्रोबच्या दिशेने येतंय की दूर जातंय एवढंच सांगतो. प्रोब उलटा तिरका केला की रंग बदलतात. शीर ओळखण्याची भरवशाची खूण दाबण्याची आहे: हलक्या दाबाने जी पूर्ण मिटते ती शीर, जी ठोके देत राहते ती धमनी. दिसायला शिरेसारखी पण मिटत नाही आणि ठोकेही देत नाही, तर आत गुठळी असू शकते, ती सोडून द्या. बीपी फार पडलेल्या रुग्णात धमनीही सहज दबते, तेव्हा जास्त सावध राहा.

आता एकमेकांच्या हातावर शिरा बघायला लावा. कोपराच्या वर, दंडाच्या आतल्या बाजूला बॅसिलिक शीर सापडते. तिच्या आसपास, जरा खोल, ब्रॅकियल धमनी असते आणि तिला चिकटून दोन छोट्या शिरा. धमनीजवळच मीडियन नर्व्ह (मज्जातंतू) असते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ठिपक्याठिपक्यांची दिसते. ही नर्व्ह प्रत्येकाला बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. बाहेरच्या बाजूला सेफॅलिक शीर असते. मनगटापासून काखेपर्यंत एकेक शीर न सोडता पाठलाग करायला लावा. ती कुठे सरळ जाते, कुठे फाटा फुटतो, कुठे धमनी तिच्या बरोबर खाली येते हे दहा-बारा जणांच्या हातांवर बघितलं की डोळा तयार होतो.

टोक की दांडा

या पायरीला घाई करू नका.

प्रोब शिरेला आडवा धरला की स्क्रीनवर शीर गोल काळी दिसते आणि सुई पांढऱ्या ठिपक्यासारखी. गोम अशी की सोनोग्राफीचा पट्टा अतिशय पातळ असतो. तो सुईला जिथे छेदतो तिथला ठिपका दिसतो. तो ठिपका सुईचं टोक असेल किंवा टोकामागचा दांडा, दोन्ही सारखेच दिसतात. शिकणारा ठिपका शिरेत बघतो, खूश होतो, आणि टोक तोवर शिरेच्या मागच्या भिंतीतून आरपार धमनीत किंवा नर्व्हमध्ये गेलेलं असतं. या पद्धतीतले बहुतेक अपघात इथेच होतात.

म्हणून हा सराव. सुई फँटममध्ये घालायची, ठिपका दिसला की हात थांबवायचा. आता प्रोब एक-दोन मिलिमीटर पुढे, सुई ज्या दिशेने चालली आहे त्या दिशेने सरकवायचा. ठिपका नाहीसा झाला तर ते टोकच होतं. दिसतच राहिला तर तो दांडा, टोक अजून पुढे आहे. ठिपका नाहीसा होईपर्यंत प्रोब पुढे न्या, मग सुई हळूच पुढे, ठिपका पुन्हा उगवेपर्यंत. पुन्हा प्रोब, पुन्हा सुई. एका वेळी एकच हात हलवायचा. दोन्ही हात एकदम हलले की टोक हरवलंच म्हणून समजा. टोक हरवलं की सुई पुढे न्यायची नाही. सुई आहे तिथे ठेवून प्रोबने टोक शोधायचं, सापडलं नाही तर सुई थोडी मागे घ्यायची.

शिकवणारा बाजूला उभा राहून अधूनमधून विचारतो, “टोक की दांडा?” शिकणाऱ्याने लगेच उत्तर द्यायचं आणि प्रोब सरकवून सिद्ध करायचं. आमच्याकडे या प्रश्नाची इतकी सवय झाली आहे की सिस्टर एकमेकींनाच विचारतात.

अनुभवी सिस्टरांना सुरुवातीला इथे जास्त त्रास होतो, आणि ते साहजिक आहे. वर्षानुवर्षं त्यांची नजर इंट्राकॅथच्या (आयव्हीची सुई आणि तिच्यावर चढवलेली नळी) मागच्या कप्प्यावर असते: ब्लड आलं की कॅथेटर, म्हणजे ती नळी, सरकवायचं. सोनोग्राफी करतानाही नेमक्या क्षणी त्यांचे डोळे स्क्रीनवरून खाली हातावर येतात, आणि तेवढ्यात प्रोब शिरेवरून घसरतो. एका सिस्टरांचा हात इतका सफाईदार होता की त्यांना काय सांगावं हा प्रश्नच होता. फँटमवर सुई धरलेल्या हातावर आम्ही हिरवा टॉवेल टाकला. हातच दिसेना म्हटल्यावर नजर स्क्रीनवर राहिली. अर्ध्या तासात त्या टोक शिरेच्या बरोबर मध्यावर आणून ठेवू लागल्या. त्यांच्या बोटांचं कसब वाया गेलं नाही, फक्त नजरेची जागा बदलली. अनुभवी माणसाला ‘तुमचं चुकतंय’ म्हणण्यापेक्षा असा टॉवेल टाकावा.

दुसरी पद्धत म्हणजे प्रोब शिरेच्या लांबीत धरून अख्खी सुई एका रेषेत बघणं. दिसायला सुंदर, पण प्रोब केसभर बाजूला सरकला की सुई गायब. आडवी पद्धत पक्की झाल्यावरच ही दाखवा.

फँटमवरची परीक्षा अशी ठेवा: एक सेंटिमीटर खोलीच्या शिरेत सुई नेऊन, टोक मध्यावर ठेवून, शिरेच्या आत एक सेंटिमीटर पुढे चालवायचं, मागची भिंत न टोचता. सलग पाच वेळा जमलं तरच पुढे. चौथ्यांदा चुकलं तर मोजणी पुन्हा एकपासून.

लांबीचं गणित

सोनोग्राफीने लावलेल्या आयव्ही लवकर आउट होतात, म्हणजे शिरेतून सुटतात, अशी तक्रार ऐकू येते. बहुतेकदा कारण एकच असतं: कॅथेटर आखूड पडलेलं. सुई ४५ अंशांत घातली तर एक सेंटिमीटर खोलीच्या शिरेपर्यंत पोचायला साधारण १.४ सेंटिमीटर कॅथेटर मांसातच खर्च होतं. गुलाबी २० नंबरच्या कॅथेटरची लांबी साधारण ३.३ सेंटिमीटर, म्हणजे शिरेत उरलं १.९. रुग्णाने कोपर वाकवलं, हात उचलला की ते बाहेर येतं आणि सलाईन मांसात जातं. हिरवं १८ नंबर साधारण ४.५ सेंटिमीटरचं, तेव्हा ३.१ आत राहतं. निदान दोन-तृतीयांश लांबी शिरेत हवी हे सूत्र पाठ करून घ्या. अर्धा सेंटिमीटर खोलीवर गुलाबी चालतं, एक सेंटिमीटरला हिरवं, आणि दीड सेंटिमीटरला हिरवंही अपुरं. तिथे लांब कॅथेटर हवं, किंवा दुसरी शीर.

रुंदीचंही बघा. शिरेच्या व्यासाच्या एक-तृतीयांशाहून जाड कॅथेटर नको. १८ नंबरचा बाहेरचा व्यास साधारण १.३ मिलिमीटर, त्यामुळे शीर ४ मिलिमीटरची तरी हवी. मशीनवर व्यास आणि खोली मोजणं दहा सेकंदांचं काम आहे, ते सुई उघडण्याआधी व्हायला हवं.

कातडीवर सुई कुठे टोचायची तेही यातूनच ठरतं: शीर जितकी खोल, प्रोबपासून तितक्याच अंतरावर, ४५ अंशांत. म्हणजे टोक शिरेच्या वरच्या भिंतीशी पोचतं तेव्हा बरोबर प्रोबखाली असतं.

रुग्णाजवळ

पहिले रुग्ण निवडताना दया करा, रुग्णावर आणि शिकणाऱ्यावरही. शुद्धीवर असलेला, बीपी ठीक असलेला, घाई नसलेला रुग्ण घ्या. कोलमडलेल्या रुग्णावर शिकणं नको.

आधी विचारा: डायलिसिस चालू आहे का, किडनीचा आजार आहे का, स्तनाचं ऑपरेशन झालंय का. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हाताला हात लावायचा नाही. किडनीच्या रुग्णात दुसऱ्या हाताच्या दंडातल्या आणि कोपर ते मनगट या भागातल्या शिराही पुढच्या फिस्टुलासाठी राखायच्या असतात, तिथे हाताच्या पंजाची मागची बाजू बघा किंवा नेफ्रॉलॉजिस्टना विचारा. सोनोग्राफीमुळे दंडातली शीर सहज मिळते, म्हणूनच हा धोका वाढतो.

रुग्णाशी बोला. “आजी, हाताला थंड जेल लागेल. मशीनवर शीर बघून टोचणार आहे. करंट बसल्यासारखं झालं, मुंग्या आल्या तर लगेच सांगा, हात मात्र हलवू नका.” ‘एकदाच टोचेन’ असं वचन देऊ नका.

थंडीच्या दिवसांत हात आधी कोमट टॉवेलात गुंडाळून ठेवा. टूर्निकेट वर, काखेजवळ बांधा. दोन्ही हात बघा आणि सरळ जाणारी, किमान ४ मिलिमीटरची, दीड सेंटिमीटरहून कमी खोल असलेली, धमनीपासून दूर असलेली शीर निवडा. कोपराच्या खाली मिळाली तर तिथलीच घ्या, दंडाकडे नंतर जा.

स्वच्छतेत सवलत नाही. बाटलीतलं नेहमीचं जेल निर्जंतुक नसतं आणि अशा जेलमधून रुग्णांना संसर्ग झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. टोचण्याच्या वेळी निर्जंतुक जेलचं पाकीट आणि प्रोबला निर्जंतुक कव्हर हवं. कव्हर आणि प्रोबच्या मध्येही जेल लागतं, नाहीतर हवेमुळे काहीच दिसत नाही. कातडी अल्कोहोलमधल्या २ टक्के क्लोरहेक्सिडिनने ३० सेकंद घासा आणि वाळू द्या. प्रोब कशाने पुसायचा हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, काही प्रोबचा पडदा स्पिरिटने खराब होतो.

यानंतर फँटमवर केलं तेच. शिरेत टोक गेलं, ब्लड दिसलं, तरी थांबू नका. सुई जरा आडवी करा आणि टोक मध्यावर ठेवत आणखी अर्धा-एक सेंटिमीटर आत चालवा. मगच कॅथेटर सरकवा. टूर्निकेट सोडा, फ्लश करा (सिरिंजने थोडं सलाईन आत सोडा) आणि प्रोब थोडा वर नेऊन शिरेत बुडबुड्यांची चमक दिसते का बघा. ती दिसली, फ्लश सहज गेला, आजूबाजूला फुगलं नाही, की लाइन बरोबर.

लालभडक, ठोक्यासरशी येणारं रक्त दिसलं तर ती धमनी. सुई काढा, पाच मिनिटं घट्ट दाबून धरा, डॉक्टरांना सांगा, नोंद करा. करंटसारखी कळ आली तर लगेच मागे या. दोन वेळा कातडी टोचून जमलं नाही तर तिसरी वेळ दुसऱ्या, जास्त जाणकार माणसाची. हा नियम शिकवणाऱ्यालाही लागू.

लाइन लावून काम संपत नाही. खोल शिरेतली लाइन आउट झाली तर सूज वरून पटकन दिसत नाही. प्रत्येक पाळीत दंड हाताने चाचपा, दुसऱ्या दंडाशी तुलना करा, फ्लश करून बघा. नॉरॲड्रेनॅलिनसारखी बीपी वाढवणारी औषधं अशा लाइनमधून चालवायची की नाही हे आयसीयूच्या डॉक्टरांनी ठरवावं.

स्वतंत्रपणे कधी सोडायचं

अमेरिकन सोसायटी ऑफ एकोकार्डिओग्राफीच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत देखरेखीखाली किमान १० वेळा ही पद्धत करावी असं म्हटलं आहे. मी ही संख्या उंबरठा मानतो. दहा झाल्या म्हणून सही करायची नाही, टोक हरवल्यावर तो माणूस थांबतो का ते बघून सही करायची. लॉगबुकमध्ये रुग्णाचं नाव नको, पण शीर कोणती, खोली, व्यास, कॅथेटरचा नंबर, किती वेळा टोचलं आणि लाइन किती तास टिकली हे हवं. शेवटचा रकाना लोक रिकामा ठेवतात, कारण दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघावं लागतं. लाइन टिकली का हे त्याच रकान्यात कळतं, म्हणून तो भरल्याशिवाय केस धरू नका.

मानेतली सेंट्रल लाइन हा वेगळा अभ्यासक्रम आहे आणि तो डॉक्टरांसाठी आहे. टोकाचा सराव तोच, पण गाउन, मास्क, पूर्ण ड्रेप लागतात आणि एक नियम कधीच मोडायचा नाही: गाइडवायर (नळी आत नेण्यासाठीची तार) शिरेच्या आत आहे हे सोनोग्राफीवर आडवं आणि उभं दोन्ही बघितल्याशिवाय डायलेटर (भोक रुंद करणारी नळी) घालायचा नाही. सुईने कॅरोटिड (मानेतली मोठी धमनी) टोचली तर दाबून निभावता येतं, डायलेटर गेला तर व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवावं लागतं.

बॅच तयार झाली की ड्युटी चार्टमध्ये प्रत्येक पाळीत निदान एका प्रशिक्षिताच्या नावापुढे खूण करा आणि ती यादी कॅज्युअल्टीच्या फोनजवळ लावा. २०२७ च्या सिंहस्थासारख्या गर्दीच्या काळात कोरडे पडलेले रुग्ण एकामागून एक येतात, तेव्हा कुणाला बोलवायचं हे शोधत बसायला वेळ नसतो. लिनिअर प्रोब, कव्हर, निर्जंतुक जेलची पाकिटं आणि लांब कॅथेटर एकाच ट्रेमध्ये ठेवा. मशीनच्या खोलीची किल्ली रात्री कुणाकडे असते हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, आणि तीन महिने कुणी प्रोबला हात लावला नसेल तर त्याला पुन्हा फँटमवर बसवा.